बॅटमॅनच्या पश्चात

बॅटमॅन गेला. वय नक्की सांगता येत नाही, कारण ते त्याने कधी वाढूच दिलं नाही. पण ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात तो रुजू झाला ते १९३९ साली, म्हणजे सेवा ऐंशी वर्षांच्या पुढे भरली. त्याच्या पश्चात घर सोडून गेलेला थोरला मुलगा, मेलेला आणि नंतर परत आलेला मधला, अभ्यासू धाकटा, दिवंगत पोलीस कमिशनरांची मुलगी आणि एक वृद्ध बटलर असा परिवार आहे. परिवारात कोणीही कोणाच्या रक्ताचं नाही. जाताना त्याने आपली जगप्रसिद्ध गुहा स्वतःच स्फोटाने उडवून दिली आणि मागे एक रेकॉर्ड केलेला निरोप ठेवला: हे तुम्ही पाहत असाल तर मी या जगात नाही, आता शहर तुम्ही सांभाळा. शहर चौघांच्या नावावर, सामाईक. सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाच्या पोटात इथेच गोळा येतो.

हे सगळं ‘गॉथम नाइट्स’ या व्हिडिओ गेमच्या अगदी सुरुवातीला घडतं, त्यामुळे मी काही गुपित फोडलं असं कोणी म्हणू नये. गेम मॉन्ट्रिअलच्या डब्ल्यूबी गेम्सने केला आणि २१ ऑक्टोबर २०२२ रोजी बाजारात आणला. तो घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आमच्या घरी उपस्थित झाला त्याचं कारण आमची मुक्ता. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली, जाताना पीएस-फाइव्ह साताऱ्यात ठेवून गेली, आणि मी निवृत्त झालो. या तीन घटना कोणत्याही क्रमाने मांडल्या तरी परिणाम एकच होतो.

“बाबा, सेल लागलाय. घेऊन टाक,” तिने फोनवर सांगितलं.

बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने जे प्रश्न विचारले, ते मी नंतर या गेमवर वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा नेमके होते.

“बॅटमॅनचा गेम का?”

“हो.”

“त्यात बॅटमॅन आहे ना?”

“नाही. तो सुरुवातीलाच जातो.”

“मग पैसे थोडे कमी घेतात का?”

नाही घेतले. गेम आला तेव्हा अमेरिकेत कन्सोलवरची किंमत सत्तर डॉलर होती, म्हणजे नायक हयात असलेल्या गेमइतकीच. मालकाचं निधन झालं म्हणून दुकान दर कमी करत नाही, हे खरं आहे. पण गिऱ्हाईक मात्र जरा थांबतं, गल्ल्यावर आता कोण बसलंय ते बघतं. म्हणून मीही बघितलं.

या जातीच्या गेमला ‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग’ म्हणतात. मारामारी हाताने करायची आणि हिशेब डोक्याने ठेवायचा. हिशेबाची ही परंपरा १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळापासून चालत आली. त्यात तुम्ही एक फाटका साहसवीर असता. बारीकसारीक राक्षस मारून अनुभवाचे गुण मिळवायचे, गुण साठले की एक लेव्हल वर, वर गेलात की बरी तलवार, असं करत करत एक दिवस ड्रॅगनसमोर उभं राहायचं. कष्टकऱ्याच्या पोराने शिकून मोठं व्हावं तशातली ही गोष्ट, आणि म्हणूनच ती पन्नास वर्षं टिकली.

अडचण अशी की सुपरहीरो मुळातच मोठा असतो. सुपरमॅनला पहिल्या लेव्हलला ठेवायचं म्हणजे त्याला आधी उंबऱ्यावरून उडी मारू द्यायची, मग ओट्यावरून, मग गच्चीवरून. ते बघायला पैसे कोण देणार? रेव्हन सॉफ्टवेअरने २००४ साली ‘एक्स-मेन लेजंड्स’ आणि २००६ साली ‘मार्व्हल: अल्टिमेट अलायन्स’ काढले, तेव्हा त्यांनी या प्रश्नाकडे सरळ काणाडोळा केला. चार वीरांची टोळी घ्यायची, वरून दिसणाऱ्या नकाशात धुडगूस घालायचा, आणि वॉल्व्हरिन पहिल्या दिवशी अशक्त का, हे विचारायचं नाही. मजा यायची. विचारायला उसंतच नसायची.

‘गॉथम नाइट्स’वाल्यांनी मात्र उत्तर शोधलं, आणि ते कागदावर फार चांगलं आहे. बाप मेल्यावर मुलं पहिल्या लेव्हलपासूनच सुरुवात करतात. जोवर तो होता तोवर सगळी हाताखालची. आता त्यांनाच निर्णय घ्यायचे आहेत आणि कोणालाच ते जमत नाहीत. यावर कोण हरकत घेणार?

मी. कारण माझी उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली आणि माणूस दिसला की मला त्याचं सेवापुस्तक दिसतं. थोरला डिक ग्रेसन १९४० साली रॉबिन म्हणून रुजू झाला, १९८४ साली पदनाम बदलून नाइटविंग. बार्बरा गॉर्डन १९६७ पासून बॅटगर्ल. मध्ये एका हल्ल्यात जायबंदी झाली, चाकाच्या खुर्चीत बसून सगळी माहिती-शाखा एकटीने चालवली, आणि पुन्हा उभी राहून मूळ पदावर हजर. धाकटा टिम ड्रेक १९८९ चा, आणि तो अजून ‘नवीन मुलगा’. गेम सुरू होतो तेव्हा सगळ्यांची लेव्हल एक. इतक्या वर्षांत एकही वेतनवाढ नाही. आमच्याकडचा कर्मचारी असता तर केव्हाच मॅटमध्ये गेला असता.

पुढे तर कमाल आहे. चौघांपैकी एकालाच निवडून तुम्ही रात्रभर राबवलंत तरी लेव्हल चौघांची वाढते. काम एक जण करतो आणि बढती सगळ्यांना मिळते. हे कळलं तेव्हा मला गॉथम शहराबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

मधल्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘पैसे घालावेत का’ या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जेसन टॉड हा दुसरा रॉबिन. थोरला गेल्यावर त्याच्या जागी आलेला, तापट, आणि बऱ्याच वाचकांना न आवडलेला. १९८८ साली डीसी कॉमिक्सने जोकरच्या हातून त्याला स्फोटात अडकवलं आणि वाचकांना दोन फोन नंबर दिले: एकावर फोन केलात तर पोरगं वाचेल, दुसऱ्यावर केलात तर मरेल. प्रत्येक फोनला पन्नास सेंट. ‘मरू दे’ म्हणणारे ५,३४३ आणि ‘जगू दे’ म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीला याहून मोठं मताधिक्य पडतं. पुढे २००५ साली तो परत आला, रेड हूड हे नाव घेऊन, डोक्यावर लाल शिरस्त्राण आणि डोक्यात भयंकर राग घालून. राग येणारच. आणि २०२२ साली त्याच जेसनला बोटांवर नाचवायचे गिऱ्हाइकाकडून सत्तर डॉलर. ज्यांनी तेव्हा मारायला पन्नास सेंट मोजले, त्यांच्यातल्या काहींनी आता त्याला जगवायला हे मोजले असतील, आणि एवढ्या एका विचाराने मी त्या लाल डोक्याच्या माणसाकडे फार मायेने बघायला लागलो. गेममध्ये त्याच्या हातात दोन पिस्तुलं आहेत, पण त्यांनी कोणी मरत नाही. बापाचा नियम. तो गेल्यावरही पाळतोय.

माझ्या पिढीने वारसाहक्काचा सुपरहीरो पाहिला तो इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. तिथे व्यवहार किती स्वच्छ होता! विसावा वेताळ गेला की एकविसावा गुहेत हजर. तोच पोशाख, तीच कवटीची अंगठी, आणि जंगलातल्या लोकांना बदल झाल्याचं कळतसुद्धा नाही. एक गुहा, एक वारस, एक शिक्का. गॉथममध्ये वारस चार आणि गुहा मूळ मालकानेच पाडलेली. उरला तो शहरातला जुना घड्याळ-मनोरा, त्याला बेलफ्री म्हणतात. चौघं आणि बटलर आल्फ्रेड तिथे राहायला येतात. पुढचं सगळं नाट्य त्या एका जागेत आहे, आणि गेम करणाऱ्यांना ते पुरतं समजलेलं नाही असा मला दाट संशय आहे. कारण पुन्हा पुन्हा ते तुम्हाला तिथून बाहेर, कामाला पाठवतात.

काम म्हणजे काय? रात्र झाली की गस्तीला निघायचं. रस्त्यात गुंड भेटतात, त्यांना बडवायचं. एखाद्याची मानगूट धरून चौकशी करायची, म्हणजे उद्या कुठे काय बेत आहे ते कळतं. मनोऱ्यावर परतायचं, रात्र संपवायची. पुढच्या रात्री ते बेत नकाशावर खुणा होऊन बसलेले असतात. जाऊन हाणून पाडायचे. पुन्हा चौकशी, पुन्हा मनोरा. गुंडाला लोळवलं की त्याच्याजवळून सुटे भाग मिळतात, आणि अधूनमधून सुपरहीरोच्या नव्या सूटचा आराखडासुद्धा मिळतो. गल्लीतल्या भुरट्या चोराने बॅटगर्लच्या कपड्यांचं माप खिशात घेऊन का फिरावं, याचा खुलासा मला अखेरपर्यंत झाला नाही. तो आराखडा आणायचा, भाग जुळवायचे, सूट शिवायचा. तोवर तुमची लेव्हल वाढते आणि यादीत त्याहून भारी सूट आलेला असतो. प्रत्येक सूटला आकडे, प्रत्येक काठीला आकडे, वर त्यात बसवायच्या छोट्या चकत्या. चार चकत्या एकत्र केल्या की एक बरी चकती. कोणती काठी थंडीने गोठवते, कोणती विजेचा झटका देते, कोणत्या शत्रूला काय बाधतं. संध्याकाळी मनोऱ्यावर आलं की संगणकावर ई-मेल. खरोखरचे ई-मेल. बाप मेलाय, शहर पेटलंय, आणि हे पोरगं ई-मेल वाचतंय.

मी निवृत्त झालो होतो हो!

सगळ्यात कहर म्हणजे उडण्याचा परवाना. बॅटगर्लच्या पाठीला झूल आहे, ती सुरुवातीपासून डोळ्यांना दिसते, पण पसरून तरंगायला मनाई. त्यासाठी ‘नाइटहुड’ नावाची पायरी ओलांडावी लागते: बेत करून केलेले १० गुन्हे थांबवायचे, काही दांडगे गुंड वेगळे लोळवायचे, वर तालीम घ्यायची. शासकीय सेवेत याला विभागीय परीक्षा म्हणतात. ती पास झाल्यावर बॅटगर्ल झुलीवर तरंगते, नाइटविंगला छोटं विमानागत यंत्र मिळतं, रेड हूड हवेत नुसत्या पायऱ्या असल्यासारखा उड्या मारत जातो आणि रॉबिन, तो अभ्यासू, जस्टिस लीगच्या उपग्रहामार्फत इथून अदृश्य होऊन तिथे प्रकटतो. चारही तऱ्हा मोठ्या गमतीच्या आहेत. मग त्या पहिल्याच संध्याकाळी का देत नाहीत? भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या फास्टर फेणेला ‘आधी दहा चोर पकड, मग सायकल’ असं सांगितलं असतं, तर मराठी बालसाहित्य पहिल्या पुस्तकातच थांबलं असतं.

तोपर्यंत बॅटसायकल आहे. दिसायला झोकदार, पण तिचा वेग तोंडी लावण्यापुरता. जगभरच्या खेळाडूंनी तिच्या नावाने खडे फोडले आहेत. मी बजाज चेतकवर अर्धं आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे मला तिचा वेग योग्य वाटला.

खेळाडूंनी ज्यावरून याहून मोठा गहजब केला ती गोष्ट वेगळी. गेम येण्याच्या काही दिवस आधी जाहीर झालं की कन्सोलवर तो सेकंदाला ३० फ्रेम्सनेच चालेल, ६० ची सोय नाही. मुक्ताने हे मला अशा आवाजात सांगितलं की मला आधी वाटलं घरात कोणाला काही झालं.

“तीसच, बाबा! या जमान्यात!”

“अगं, सिनेमा चोवीस फ्रेम्सचा असतो. आमचे प्रभातचे तुकाराम महाराज चोवीस फ्रेम्समध्ये सदेह वैकुंठाला गेले.”

“त्यांना कोणी मध्येच बटण दाबून डावीकडे वळवत नव्हतं.”

हे बिनतोड होतं. सिनेमा नुसता बघायचा असतो. इथे आपण बटण दाबतो आणि त्याचं फळ पुढच्या चित्रात दिसतं. तीस फ्रेम्स म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंद, साठ म्हणजे जेमतेम १७. तरण्या बोटांना तो फरक जाणवतो. माझी बोटं टंकलेखन यंत्रावर वाढलेली. मी बटण दाबतो तेव्हा शत्रूनेच थोडं थांबायची पद्धत आहे. सांगायचा मुद्दा असा, की तुम्ही पंचविशीचे असाल आणि आधी रॉकस्टेडीचे ‘अर्कम’ मालिकेतले गेम खेळलेले असाल, तर इथली मारामारी तुम्हाला ओल्या कपड्यांनिशी पळाल्यासारखी वाटेल. ‘अर्कम असायलम’ २००९ चा आणि ‘अर्कम सिटी’ २०११ चा. त्यांत ठोसा पडला की तो पडल्याचं कळतं. इथे मात्र शत्रूच्या आयुष्याची पट्टी हळूहळू उतरत जाते, आणि एखादा धिप्पाड इसम कानशिलात दंडुके खाऊनही फॉर्म भरायच्या रांगेतल्या माणसासारखा शांत उभा राहतो. ठोसा आणि परिणाम यांच्यामध्ये आकडे येऊन बसले की हे होतंच. या जातीच्या बहुतेक गेमचं दुखणं ते हेच.

आता घ्यायचा म्हणजे काय घ्यायचं, हेही बघितलं पाहिजे. पूर्वी आपण कॅसेट घ्यायचो, आणि ती चालेनाशी झाली तर तोंडाने फुंकून पुन्हा लावायचो. पण ती आपली असायची. आता डिजिटल खरेदी ही पागडीच्या खोलीसारखी झाली आहे: पैसे एकदम मोजायचे, राहायचं, रंगरंगोटी करायची, आणि मालकी मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याची. स्टीमच्या दुकानात तर २०२४ पासून पैसे भरण्याआधीच लिहून दाखवतात की तुम्हाला मिळतोय तो फक्त परवाना. कॅलिफोर्नियाने असं स्पष्ट सांगण्याची सक्ती करणारा कायदाच केला, तो जानेवारी २०२५ पासून लागू आहे. सुपरहीरोंच्या गेमना या खोलीतून बाहेर काढल्याचा इतिहास मोठा आहे. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ साली बंद. ‘मार्व्हल हीरोज’ २०१७ साली बंद. ज्यांनी आपल्या लाडक्या वीरांना पैसे भरून पोशाख घेतले होते, त्यांचे वीर गेले आणि पोशाखही गेले. स्क्वेअर एनिक्सचा ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ सप्टेंबर २०२० मध्ये वाजतगाजत आला. त्यात जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची कमला खान ही मुलगी आपल्या आवडत्या वीरांना पुन्हा एकत्र आणायला निघते, आणि जोवर ती निघालेली असते तोवर गेम फार गोड आहे. ती पोचली की सुरू झालं: हल्कच्या बरगड्यांना आकडे, त्याच त्या खोल्या, तेच ते यंत्रमानव. २०२१ साली लेव्हल लवकर वाढावी म्हणून रोख पैसे घ्यायला लागले, आरडाओरडा झाल्यावर महिन्याभरात मागे घेतलं. ३० सप्टेंबर २०२३ ला तो दुकानांतून काढून टाकला. ज्यांच्याकडे होता त्यांना खेळता येतो, नव्याला मिळत नाही.

‘गॉथम नाइट्स’ या बाबतीत सरळ आहे. एकट्याने, इंटरनेट नसताना खेळता येतो. कोणाचा सर्व्हर झोपला म्हणून आपलं घड्याळ बंद पडत नाही. ही त्याची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली गेलेली बाजू. दुकटं खेळायचं मात्र अवघड. दोघांना मिळून खेळता येतं असं जाहिरातीत ठळक आहे, पण एका टीव्हीसमोर दोन कंट्रोलर घेऊन बसायची सोय नाही. दोघांची दोन यंत्रं हवीत आणि गेमच्या दोन प्रती. शिवाय पीएस-फाइव्हवाला आणि पीसीवाला यांची गाठ पडत नाही. मुक्ताकडे तिकडे पीसी आहे. म्हणजे बाप-लेक एकाच शहराचं रक्षण करताहेत, पण ती तिच्या गॉथममध्ये आणि मी माझ्या. तिने तरीही तिची प्रत घेतली. रात्री फोनवर आम्ही एकमेकांना विचारतो, तुझ्याकडे फ्रीझ झाला का? हार्ली झाली का? बंगळुरू-सातारा रस्त्याची चौकशी जशी पूर्वी करायचो, तशीच ही.

खलनायकांत मिस्टर फ्रीझ, हार्ली क्विन, क्लेफेस असे जुने मानकरी आहेतच, पण खरी गोष्ट ‘कोर्ट ऑफ आउल्स’ची. स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कापुलो यांनी २०११ मध्ये कॉमिक्समध्ये आणलेली ही मंडळी: गॉथममधली जुनी, गडगंज घराणी, जी घुबडाचे मुखवटे चढवून पिढ्यान्‌पिढ्या पडद्याआडून शहर चालवतात. बॅटमॅनचा शेवटचा तपास यांच्याच दारापर्यंत आला होता. मुलं तो पुढे नेतात. एका प्राध्यापकाच्या खुनापासून धागा निघतो आणि जुन्या हॉटेलांच्या भिंतींमागून, बंद दारांमागून खाली खाली जात राहतो. हा भाग उत्तम जमलाय. जिथे चौकशी आहे, अंधार आहे आणि आकडे थोडा वेळ गप्प आहेत, तिथे गेम बाळसं धरतो. आमच्या बायकोला मात्र यातलं रहस्य पटलं नाही. शहर कोण चालवतं हे शोधायला चौघं कशाला लागतात, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे ही माणसं मुखवटे लावत नाहीत, फ्लेक्स लावतात.

ती हे बोलली, म्हणजे ती बघत होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मारामारी चालू असली की ती आत असायची. मनोऱ्यावर परतल्याची चाहूल लागली की बाहेर यायची. आणि मनोऱ्यावर जे चालतं ते बघण्यासारखं आहेच. थोरला सगळ्यांना हसवून जबाबदारी टाळतो आणि मग एकदम बापासारखं बोलतो. मधल्याला साधं वाक्य सरळ बोलता येत नाही. धाकट्याला आपण अजून त्यांच्यात बसतो का याची धास्ती. बार्बराने एकापाठोपाठ एक दोन माणसं गमावली आहेत, स्वतःचा बाप आणि हा मानलेला, आणि ती कामात डोकं घालून बसते. आल्फ्रेड सगळ्यांच्या मागेपुढे. त्याचा मुलगाच गेलाय हे कोणी त्याच्याशी बोलत नाही, आणि तो चहाचं विचारतो. कोपऱ्यात एक जुनं आर्केड यंत्र आहे, १९८३ सालचा ‘स्पाय हंटर’. ते नुसतं शोभेला नाही, त्यावर खरंच खेळता येतं. सत्तर डॉलरचा गेम विकत घेऊन मी त्यातल्या चाळीस वर्षं जुन्या यंत्रावर दुपारच्या दुपारी गाडी चालवली आहे, आणि त्यात ना लेव्हल आहे ना सूट.

शिवाय एक बारकी कारागिरी अशी, की कथेतला तोच प्रसंग तुम्ही चौघांपैकी कोणाला घेऊन गेलात त्यावर बदलतो. शब्द वेगळे, थांबणं वेगळं. थोरला असेल तर समजूत घालतो, मधला असेल तर दार आपटतो. मी बहुतेक ठिकाणी मधल्याला नेलं. मुक्ताने तिच्याकडे बार्बराला. त्यामुळे एकाच घरात काय घडलं याच्या आमच्या दोघांच्या हकिगती जुळत नाहीत, आणि त्यावर वाद घालण्यात फोनची बॅटरी उतरते.

तर घ्यावा का? पूर्ण किमतीला नाही. मुळीच नाही. सेलमध्ये त्याची किंमत निम्म्याच्याही बरीच खाली उतरते, तेव्हा घ्यावा. तोवर ‘विशलिस्ट’मध्ये टाकून ठेवावा. मारामारीसाठी घेणार असाल तर जुने ‘अर्कम’ घ्या, ते याहून स्वस्त पडतात आणि हात कसे शिवशिवतात ते कळतं. हा घेतलात तर अडचणीची पातळी सोपी ठेवा, सगळ्यात भारी दिसणारा आकडा निवडून पुढे चला, चकत्यांच्या नादी लागू नका. नकाशावर जागोजागी बॅटमॅनची फेकायची हत्यारं, म्हणजे ६० बॅटरँग, लपवून ठेवलेत, ते शोधायला जाऊ नका. ज्याने फेकले तो न्यायला येणार नाही. शहरातले सगळे गुन्हे थांबवायची जबाबदारी तुमची नाही, गॉथमला पोलीसखातं आहे. मूळ गोष्ट धरून चाललात तर चारपाच सुट्ट्यांचा ऐवज आहे.

हा निकाल मी बायकोला ऐकवला. तिने मान डोलवली, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं. तिथे मी मनोऱ्याच्या दारात उभा होतो आणि खाली रस्त्यावर गस्तीच्या बऱ्याच खुणा लुकलुकत होत्या.

“बाहेर पडताय?” तिने विचारलं.

“जावं लागेल. एवढ्या खुणा संपवल्याशिवाय पुढचा प्रसंग उघडत नाही.”

“मग असं करा,” ती उठता उठता म्हणाली, “मारामारी तुम्ही दुपारी उरकून ठेवत जा. रात्री जेवताना फक्त घरातलं लावा. आणि त्या मधल्याला आल्फ्रेडशी नीट बोलायला सांगा.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग एवढी बटणं कशाला दिलीत?”